साथीच्या काळातील पेठ आणि घरातील बेगमी

साथीच्या रोगाचा प्रसंग आला म्हणजे डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि सफाई कामगार यांच्या सेवेचे समाज स्मरण करतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु घरात बसून राहावे अशी आज्ञा ज्या दिवशी निघते, त्या दिवशी गृहिणीच्या मनात प्रथम येणारा प्रश्न औषधाचा नसतो. डब्यातील पीठ किती दिवस पुरेल, हा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्याचे काम धान्यपेठेकडे येते. सन २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत बेळगावच्या रविवार पेठेने व आसपासच्या गल्ल्यांनी ते दिवस कसे काढले, कोणती सावधगिरी उपयोगी पडली व कोणती केवळ देखाव्याची ठरली, याची नोंद व्यापारी बांधवांच्या या स्मरणिकेत असावी, या हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. रोगाचे शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पोते कोठून येते, कोणाच्या पाठीवरून उतरते आणि कोणाच्या घरातील शेवटची मूठ केव्हा संपते, हे आम्ही चाळीस वर्षे गादीवर बसून पाहत आलो आहोत.

साथ व तिच्यासाठी होणारे निर्बंध आपल्या भागास नवे नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढच्याच वर्षी तो दक्षिणेकडे पसरू लागला. १८९७ साली सरकारने साथरोगाचा कायदा केला. १२३ वर्षांनंतर २०२० मध्ये निर्बंध घालताना राज्य सरकारांनी याच कायद्याचा आधार घेतला. प्लेगच्या दिवसांत लोक गाव सोडून मळ्यांत झोपड्या घालून राहत. जाताना भांडीकुंडी मागे राहिली तरी चालतील, पण धान्याची पोती गाडीत प्रथम चढत, असे आमचे वाडवडील सांगत. त्यानंतर १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडे तिला ‘मानमोडीची साथ’ म्हणत. त्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, पिके बुडाली आणि धान्य महागले. अन्नावाचून अशक्त झालेल्या शरीरावर रोगाचा घाला अधिक पडला. साथ आणि धान्याची टंचाई एकत्र येऊ द्यायची नाही, हा धडा त्या वर्षाने घालून दिला होता.

कोरोनाने देशातील पहिला बळी कलबुर्गी येथे गेल्याचे १२ मार्च २०२० रोजी जाहीर झाले. २२ मार्च रोजी जनता संचारबंदी झाली. २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी घोषित केली. दुसरा दिवस २५ मार्च, म्हणजे गुढीपाडवा. ज्या सणाला दुकानात नव्या वह्यांची पूजा व्हावयाची आणि गिऱ्हाइकांना गूळ द्यावयाचा, त्या दिवशी पेठेतील फळ्या बंद होत्या. आदल्या रात्री मात्र, घोषणा संपते न संपते तोच, किराणा दुकानांपुढे लोकांची झुंबड उडाली होती. अन्नधान्याच्या दुकानांना बंदी लागू नाही, हे त्याच रात्री सरकारने स्पष्ट केले होते. पण भ्यालेल्या माणसाच्या कानी ते पोहोचले नाही. रोगापासून दूर राहण्यासाठी निघालेली आज्ञा ऐकून लोक एकमेकांना खेटून उभे राहिले, ते केवळ डबा रिकामा राहील या धास्तीने.

येथेच आम्हांस या सर्व प्रकरणाचे मर्म दिसते. घरात बसण्याची आज्ञा सर्वांना सारखी होती. ती पाळण्याची ऐपत मात्र सारखी नव्हती. पूर्वी चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी करण्याची रीत होती. गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरून ठेवीत. अशा घरास टाळेबंदीचे २१ दिवस काय, दोन महिनेही जड गेले नसते. आज सदनिकांतून राहणारे नोकरदार आठवड्याचा किराणा आणतात. त्यांची चार दिवस ओढाताण झाली, पण भागले. खरा प्रश्न रोज कमावून रोज खाणाऱ्याचा होता. गवंड्याच्या हाताखालचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, रिक्षावाला, हातगाडीवाला हे पावशेर तेल आणि अर्धा किलो तांदूळ आणून संध्याकाळची चूल पेटवितात. त्यांस रोज बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि रोज बाहेर पडणाऱ्याला सहा फुटांच्या अंतराचा उपदेश करून काय उपयोग? ज्याच्या घरी पंधरा दिवसांचे धान्य, तोच पंधरा दिवस घरात राहू शकतो. म्हणून साबण व मुखपट्टी यांच्या जोडीने, किंबहुना त्यांच्याही आधी, घरातील बेगमी ही साथीच्या काळातील पहिली सावधगिरी होय, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

सरकारनेही हे ओळखले. २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या गरीब कल्याण अन्न योजनेखाली सुमारे ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो धान्य दरमहा मोफत, आणि दर कुटुंबास एक किलो डाळ, असे एप्रिलपासून तीन महिने देण्याचे ठरले. पुढे ही मुदत वाढविण्यात आली. पाच माणसांच्या घरास नेहमीचे २५ किलो व हे वरचे २५ किलो मिळून पोटापुरते धान्य होई. मात्र हे सर्व शिधापत्रिका असलेल्यांसाठी होते. भाड्याच्या खोलीत राहणारे परगावचे मजूर, ज्यांची पत्रिका गावाकडे राहिली होती, ते या हिशेबात बसत नव्हते. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची तरतूद मे महिन्याच्या मध्यास जाहीर झाली. मधले सात आठवडे त्यांना कोणी जगविले, तर गल्लीतल्या किराणा दुकानदाराने, शेजाऱ्यांनी आणि पेठेतून निघालेल्या शिध्याच्या पिशव्यांनी.

आता धान्य पेठेत येते कसे, हे थोडे सांगणे अवश्य आहे. कारण दुकान उघडे ठेवण्याची परवानगी मिळाली म्हणजे माल आपोआप येतो, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्याकडील तूरडाळ बहुतांशी कलबुर्गी भागातून येते, सोना मसुरी तांदूळ गंगावती-सिंधनूरकडून येतो, गव्हाची वाट मध्य प्रदेशाची. डाळमिलचे कामगार गावी निघून गेले, तर शेतकऱ्याकडे तूर असूनही डाळ होत नाही. मालमोटारीला रस्ता मोकळा असला तरी वाटेत धाबा बंद, चाक पंक्चर झाले तर दुरुस्ती बंद. अशा स्थितीत चालक निघावयास तयार होत नाही. माल उतरवून रिकामी परतणारी गाडी नाक्यावर अडविली गेली, की पुढच्या खेपेचे भाडे वाढते. अखेर १५ एप्रिलच्या सरकारी आदेशात रिकाम्या गाड्यांना व महामार्गावरील धाबे-गॅरेजना स्पष्ट मुभा मिळाली, तेव्हा ही गाठ सुटली. धान्याचा तुटवडा देशात नव्हता. तुटली होती ती मधली साखळी.

सीमाभागास याची झळ दुप्पट बसली. निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर राज्याची हद्द लागते. एरवी तेथून गाडी केव्हा पार झाली हे कळतही नसे. साथीच्या काळात तेथे परवाने, तपासणी व पुढे पुढे चाचणीचे दाखले यांशिवाय माणसाला पलीकडे जाता येईना. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण त्याचा बाजार बेळगावचा. तेथील लहान दुकानदार आमच्या पेठेवर अवलंबून. गोव्याचा भाजीपाला व किराणाही मोठ्या प्रमाणात चोर्ला व अनमोड घाटांतून इकडून जातो. गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद ठेवली गेली, तेव्हा तेथील आप्तांचे व गिऱ्हाइकांचे दूरध्वनी येत आणि ऐकणाऱ्याचे मन कासावीस होई. गावोगावी लोकांनी भीतीने वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. नकाशावरील रेघ पोटाला ठाऊक नसते, हे सीमाभागातील व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको.

पेठेत आलेले पोते उतरवितो तो हमाल. साथीच्या इतिहासात त्याचे नाव कोठे येत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहितो. बस बंद झाल्याने खेड्यांतून येणारे हमाल सायकलींवर, कित्येक पायीही येत. वाटेत पोलिसांनी हटकले तर दाखविण्यास त्यांच्यापाशी काही नसे. म्हणून दुकानदारांनी प्रथम काम केले ते त्यांना ओळखचिठ्ठ्या मिळवून देण्याचे. दुसरी अडचण अशी की, नाकातोंडावर फडके बांधून ५० किलोचे पोते पाठीवर घेता येत नाही. चार पोत्यांतच दम लागतो. तेव्हा पोती चढता-उतरताना बाकी सर्वांनी दूर राहावे, वखारीची दोन्ही दारे सताड उघडी ठेवावीत, आणि हमालांच्या जोड्या कायम ठेवून त्यांना एक दिवसाआड बोलवावे, अशी रीत आम्ही व शेजारच्या काही दुकानांनी घातली. एक जोडी आजारी पडली तर सारी पेठ बंद पडू नये, हा त्यामागील हेतू.

परंतु एक दिवसाआड काम म्हणजे निम्मी मजुरी. हमाली पोत्यामागे मिळते. पोते नाही तर पैसा नाही. या मुद्द्यावर पेठेत दोन मते होती, हे लपविण्यात अर्थ नाही. ‘उलाढाल निम्म्यावर आली असता बसून असणाऱ्यास द्यावयाचे कोठून?’ असे काहींचे म्हणणे होते, आणि लहान दुकानदाराच्या दृष्टीने ते अगदीच खोटे नव्हते. काहींनी रिकाम्या दिवसाचा शिधा व ठराविक रक्कम दिली. ज्यांनी दिली, त्यांचे हमाल मे महिन्यातही टिकून राहिले. जेथे दिली नाही, तेथे कित्येक जण शेतमजुरीला निघून गेले आणि टाळेबंदी उठल्यावर माल दारात येऊनही उतरविण्यास माणूस मिळेना. धर्मबुद्धीने पाहा अगर व्यवहारबुद्धीने पाहा, हिशेब एकच निघतो. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे झाली. हद्दीच्या अलीकडे आपल्या हमालास तसा आधार नाही. जे कायद्याने दिलेले नाही, ते पेठेने आपल्या रिवाजाने द्यावे, असे आम्हांस वाटते.

भावाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. टंचाईच्या काळात व्यापाऱ्याकडे समाज संशयाने पाहतो. वाहतूक महागल्याने काही जिनसांचे दर चढले हे खरे. पण त्या आडोशाने जुन्या खरेदीचा माल नव्या दराने विकणारेही निघाले. उलट, कित्येक दुकानांनी दाराशी रोजच्या दराचा फळा लावला व एका घरास एका वेळी किती द्यावयाचे याची मर्यादा ठरविली. या मर्यादेचा राग प्रथम जुन्या गिऱ्हाइकांसच आला. ‘शेटजी, वीस वर्षांचे गिऱ्हाईक आम्ही, आणि आम्हांला पाचच किलो साखर?’ असे एक गृहस्थ आम्हांस म्हणाले. आम्ही त्यांस म्हटले, ‘काका, आज तुम्ही दहा किलो नेलीत, तर उद्या मागच्या गल्लीतली माणसे येथे गर्दी करतील, आणि त्या गर्दीतून तुमच्याच घरच्या माणसास जावे लागेल.’ ते समजूतदार. हसून पाच किलो घेऊन गेले. भावाचा फळा आणि मर्यादेचा नियम यांनी लोकांची धास्ती जितकी कमी झाली, तितकी ध्वनिक्षेपकावरील सूचनांनी झाली नाही.

गल्लीतील जीवन त्या दिवसांत कसे होते, हे पुढील पिढीस कदाचित खरेही वाटणार नाही. पोरांनी गल्लीच्या तोंडाशी वासे बांधून वाट अडविली होती. भाजीवाला एका ठराविक वेळी येई. बाया गच्चीवरून दोरीने टोपली सोडीत. वृत्तपत्र कित्येक घरी बंद होते. गच्च्यांवर मात्र पापड, कुरडया व सांडगे यांची वाळवणे नेहमीपेक्षा अधिक पसरली, कारण घरात हात पुष्कळ होते. एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या दारी सकाळी दूध व सायंकाळी चौकशी, अशी पाळी शेजारच्या मुलांनी आपणहून लावली. ज्या मुलांना आम्ही सदैव दूरध्वनीत डोके घालून बसलेली पाहिली होती, त्यांनीच त्या दूरध्वनीवर साऱ्या गल्लीच्या किराण्याच्या याद्या गोळा करून दुकानास पाठविल्या. सायंकाळी याद्या, सकाळी बांधलेल्या पिशव्या, आणि प्रत्येक गल्लीस वेगळी वेळ. एवढ्याने दुकानापुढची रांग निम्म्याहून कमी झाली.

दुःखाचे प्रसंगही आले. अंत्ययात्रेस २० माणसांची मर्यादा होती. ज्यांच्या हयातीत घरी पाहुण्यांची वर्दळ असे, अशा माणसांना चार जणांनी निरोप दिला. ६ एप्रिल २०२० रोजी महावीर जयंतीची मिरवणूक निघाली नाही. पूजा-पाठ घरोघरी झाले आणि मिरवणुकीचा खर्च अनेक ठिकाणी शिध्याकडे वळविण्यात आला. गाळलेले व उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी भोजन, मुखावर पट्टी या गोष्टी आपल्या घरांना परक्या नव्हत्या. मुहपत्तीचा हेतू अहिंसेचा आहे, रोगनिवारणाचा नव्हे. तिचा तसा गाजावाजा करणे योग्य नाही. तरी संयमाची सवय असलेल्या घरात नवा नियम लवकर रुळतो, इतके मात्र म्हणता येईल.

सावधगिरीच्या कोणत्या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या होत्या, हे पुढे शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. आरंभी लोक नोटांवर इस्त्री फिरवीत, भाज्या साबणाने धूत, पोत्यांवर औषध मारीत. रस्त्यांवर फवारे उडविले गेले, माणसांवर औषध शिंपडणारे बोगदेही उभे राहिले. माणसांच्या अंगावर अशी फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयास एप्रिल २०२० मध्येच सांगावे लागले. रोगाचा मुख्य प्रसार श्वासावाटे, आणि तोही बंद, कोंदट जागेत अधिक होतो, हे नंतर निश्चित झाले. म्हणजे गोणपाट पुसत बसण्यापेक्षा वखारीची दारे उघडी ठेवणे, व्यवहार ओट्यावर करणे आणि तोंडावर मुखपट्टी ठेवणे हेच महत्त्वाचे होते. हात धुण्याची सवय मात्र कोरोनाखेरीज इतर अनेक रोगांसही उपयोगी. ती सोडण्याचे कारण नाही. लशीचे काम तर सर्वांत मोठे. देशी लशीच्या पहिल्या चाचण्यांसाठी जुलै २०२० मध्ये निवडलेल्या १२ केंद्रांत बेळगावच्या जीवनरेखा रुग्णालयाचा समावेश होता, ही आपल्या शहरास भूषणाची गोष्ट. १६ जानेवारी २०२१ पासून देशात लसीकरण सुरू झाले.

तरीही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, आणि ती पहिलीपेक्षा फार क्रूर होती. कर्नाटकात २७ एप्रिलपासून पुन्हा निर्बंध आले आणि किराण्यासाठी सकाळी ६ ते १० ही वेळ ठरली. हेतू चांगला होता. पण दिवसभर विखुरलेले गिऱ्हाईक चार तासांत आणून बसविले की पेठेत काय होते, हे पेठेतल्या माणसासच कळते. घाऊक दुकानात माल घेणारा दुकानदार आणि त्याच्याकडून किरकोळ माल घेणारे गिऱ्हाईक, दोघांचीही तीच वेळ! घाऊक व्यापारास पहाटेची व किरकोळ विक्रीस दिवसाची वेळ निराळी असती, तर गर्दी बरीच टळली असती. असे प्रसंग येतात तेव्हा अधिकाऱ्यांपुढे एकत्रितपणे व वेळेवर बोलणारी संघटना हवी असते. त्या दिवसांत जो तो आपल्या ओळखीने धावपळ करीत होता.

साथ ओसरली आणि लोक ते दिवस विसरू लागले आहेत. विसरणे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु व्यापाऱ्याचा धर्म खतावणीचा आहे. मागील वर्षाची बाकी पुढे ओढल्याखेरीज नवे पान सुरू होत नाही. म्हणून आपल्या असोसिएशनपुढे आम्ही नम्रपणे काही सूचना ठेवीत आहोत. पेठेतील प्रत्येक हमालाची नावनिशीवार नोंदवही असावी, आणि दर पोत्यामागे अल्पशी रक्कम बाजूस काढून काम बंद पडेल त्या दिवसांसाठी निधी साठवावा. ऑगस्ट २०२१ पासून केंद्र सरकारने सुरू केलेल्या ई-श्रम नोंदणीत ज्यांची नावे नाहीत, ती असोसिएशनने स्वतः माणूस देऊन नोंदवावीत. प्रत्येक घाऊक दुकानाने पाच व दहा किलोंच्या तयार पिशव्यांचा थोडा साठा सदैव ठेवावा, म्हणजे प्रसंगी तीच पिशवी शिध्याच्या उपयोगी पडेल. दराचा फळा संकटाच्या दिवशीच नव्हे, तर रोज लावावा. घाऊक व किरकोळ विक्रीच्या वेळा निराळ्या ठेवण्याविषयीचे आणि हद्दीवरील मालवाहतुकीविषयीचे निवेदन आताच लिहून ठेवावे, म्हणजे तशी वेळ आल्यास ते त्याच दिवशी सादर करता येईल.

गृहिणींसही आमची विनंती आहे की, वर्षाची बेगमी आजच्या लहान घरांत शक्य नसली, तरी महिन्याचे धान्य घरात असू द्यावे. आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या घरीही ते असेल, इकडे लक्ष ठेवावे. तिच्या घरची चूल पेटती राहिली, तर तिला तापाच्या अंगाने आपल्या दारी यावे लागणार नाही. पुढील साथ केव्हा येईल आणि तिचे नाव काय असेल, हे कोणास ठाऊक नाही. ती येईल तेव्हा पेठेतील वखार भरलेली असावी, तिचे दार उघडे असावे आणि पोते उचलणारा माणूस धडधाकट असावा, एवढी तयारी मात्र आपल्या हाती आहे.